मोटारी सुरू झाल्यावरचं चित्र

मित्रांनो, आज मी एक गोष्ट दुरुस्त केली आणि तेव्हापासून डोकं धरून बसलोय.

दादा मिलिटरीतून सुट्टीवर आलाय, उद्या परत ड्युटीवर. त्याच्यासाठी नव्वदच्या दशकातला आमचा टीव्ही गेम एम्युलेटर, म्हणजे जुने गेम चालवणारा प्रोग्रॅम, टाकून कॉम्प्युटरवर चालू केला. पण चित्र फारच चकचकीत! म्हणून तासगावच्या आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसारखं दिसावं असा शेडर, म्हणजे चित्राचं रूप बदलणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायला घेतला.

सकाळपासून नुसती कटकट. कंपायलर सापडेना. सापडला तर लायब्ररी जुळेना. शेवटी चाललं, तर चित्र चारी बाजूंनी आकसलेलं आणि थरथरणारं. दादा चहा घेऊन आला, ते बघून गेला. मी वैतागून सगळं उडवलं, नव्यानं टाकलं. चित्र एकदम झकास!

दादाला हाक मारली. तो म्हणाला, "मघाशी दिसत हुतं तेच बरोबर हुतं रं. मळ्यातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं, चित्र असंच आकसायचं. मग आप्पा जाऊन आपली मोटार बंद करायचे. पोरांचा डाव पुरा हुंदे म्हनायचे."

मला वाटायचं, व्होल्टेज आपोआप वाढतं.

आप्पा, आमचे वडील, आता नाहीत. दुपारपासून तो बिघाड परत आणायला बघतोय. मुद्दाम आकसवलं तर चित्र नुसतं लहान होतंय. शेजारी दादा बॅग भरतोय.

न कळता झालेली चूक पुन्हा कशी करायची, कुणाला माहीत आहे का?