टेम्पोतून आलेला वर्ग

आमच्या कॉलेजात कायम असं कुणी नाही. प्राचार्य प्रभारी आहेत, ग्रंथपाल प्रभारी आहेत, आणि घंटा देणारा शिपाई मूळचा प्रयोगशाळेतला. शिपायाची जागा भरलेली नाही म्हणून तो घंटेचा प्रभारी आहे. मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. उन्हाळ्यात मी सरकारच्या लेखी अस्तित्वातच नसते आणि पावसाळ्यात मुलाखत देऊन पुन्हा जन्माला येते. असे माझे बरेच जन्म झालेत. दर वेळी तेच तिघे समोर बसतात आणि दर वेळी विचारतात, ‘तुम्हाला अध्यापनाचा काही अनुभव?’

आमच्या विभागातले एकमेव कायम सर निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि त्यांची जागा भरण्याचा प्रस्ताव वर पाठवला. शाल एव्हाना विरली असेल. प्रस्तावाचं काय झालं ते कुणाला माहीत नाही. मधल्या काळात नवीन शैक्षणिक धोरण आलं. त्यात विद्यार्थ्याने काय काय निवडावं याची इतकी मुभा होती की वाचून ऊर भरून येई. फक्त निवडलेलं शिकवायचं कुणी, हा तपशील राहून गेला होता. मग भारतीय ज्ञान परंपरा माझ्याकडे, पर्यावरण माझ्याकडे, संवादकौशल्य माझ्याकडे, आणि एका सत्रात तर योगही माझ्याकडे आला होता, तो मी गुडघा दाखवून परत केला.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, कारण नुकसान माझं एकटीचं होतं. पण त्या वर्षी तृतीय वर्षाच्या इतिहासाच्या वर्गावर संक्रांत आली. वर्गात किमान वीस विद्यार्थी नसतील तर पुढच्या वर्षी अनुदान नाही, अनुदान नाही तर विषय बंद, आणि मुलांनी दुसऱ्या कॉलेजात सोय बघावी. तृतीयला येणार ती यंदाची दुसऱ्या वर्षाची मुलं. त्यांच्या हजेरीपटावर बावीस नावं होती. पटावर. वर्गात सहा-सात यायची. म्हणून विद्यापीठाची समिती स्वतः येऊन वर्गात बसलेली डोकी बघणार होती.

इथे माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल सांगायला हवं. ती भिवंडीजवळच्या अंजूर गावची. तिच्या वडिलांनी भाताची जमीन गोदामवाल्यांना भाड्याने दिली होती. आता घरापुढे मोठी गाडी होती आणि वडील दिवसभर फोनवर कुणाला जागा, कुणाला टेम्पो, कुणाला माणसं मिळवून देण्यात गुंतलेले असत. पोरीच्या शिकण्याला त्यांची ना नव्हती, पण मुलीला सोडायला आले की गाडीची काच खाली करून मला दर वेळी एकच सांगत, ‘मॅडम, भिवंडीत हाय तवर शिकूं दे. ठान्या-कल्यानला धाडनार न्हाय. मंग लगीन.’ त्यांच्या डोक्यात दुसरा पर्याय नव्हता. विषय बंद झाला असता तर ती पुढच्या जूनपासून घरात, आणि दिवाळीनंतर दुसऱ्याच्या घरात. हे तिला माहीत होतं. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारायची, आणि कधी कधी इतके, की मला वाटायचं ही वर्षभराचं शिकणं आजच उरकून घेतेय.

समितीने तारीख आम्हाला विचारली. अशी माणुसकी सहसा होत नाही, त्यामुळे आम्ही गडबडलो. प्राचार्यांनी बैठक बोलावली.

‘शुक्रवार,’ मी म्हणाले.

‘शुक्रवारच,’ गणिताच्या बाई म्हणाल्या.

‘जुम्मा को सब खाली रहता है,’ चहा घेऊन आलेला घंटेवाला शिपाईही म्हणाला.

आमच्या कॉलेजच्या इतिहासात एकमताने झालेला तो बहुधा पहिला ठराव. भिवंडीत शुक्रवारी माग बंद. आम्ही सगळे त्यात वाढलो. माझे वडील माग चालवायचे, आमच्याकडे मटण शुक्रवारी, पाहुणे शुक्रवारी, दाताच्या डॉक्टरकडे जायचं तेही शुक्रवारी. बाकीच्या जगाला रविवार असतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं. मुलं कामाला जातात म्हणून वर्गात येत नाहीत. शुक्रवारी काम नसतं. म्हणजे शुक्रवारी वर्ग भरणार. तर्कशास्त्राची जागाही आमच्याकडे रिकामीच आहे.

शुक्रवार उजाडला. समितीत तिघे होते: अध्यक्ष म्हणून एक वयस्कर प्राध्यापक, एक बाई, आणि फोनवर सगळ्याचे फोटो काढणारा एक तरुण. प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं. मी वर्गात डोकावले. समोर तिघी बसल्या होत्या. अंजूरची ती, आणि शेजारच्या मोहल्ल्यातून चालत येणाऱ्या दोघी मैत्रिणी.

‘बाकीचे कुठायत?’

‘ड्युटीवर,’ ती म्हणाली. ‘मॅडम, आज ऑनलाइनचा सेल चालू झालाय ना. गोडाऊनला तीन दिवस कुनालाच सुट्टी न्हाय.’

मी दारातच उभी राहिले. आमच्या वडिलांचे माग भंगारात जाऊन किती वर्षं झाली होती. गल्लीतल्या अर्ध्या कारखान्यांचं तेच झालं होतं. आमची मुलं आता मागावर नव्हतीच, ती गोदामात खोक्यांना पट्ट्या चिकटवत होती, आणि तिथे सुट्टी कुठल्या वारी द्यायची हे बंगळुरात का कुठे बसलेलं कुणीतरी ठरवत होतं. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज त्याच ट्रकांच्या मागे अडकून आम्ही कॉलेजात पोचायचो. पण शुक्रवार म्हटला की डोकं आपोआप तीस वर्षं मागे जायचं. माणसाने इतिहास शिकवावा, त्यात राहू नये.

‘आता?’ तिने विचारलं. तिने समोरची वही मिटली आणि फोन काढला. ‘बाबांना लावते. त्यांच्याच जागंवर हाय ते गोडाऊन.’

पलीकडून वडिलांचा आवाज मलाही ऐकू आला. तिने फोन माझ्या हातात दिला.

‘मॅडम, किती मानसां पायजेत?’

मी सांगितलं की माणसं नकोत, आमची मुलं हवीत, दुसऱ्या वर्षाची, नावं वाचून दाखवते.

‘नावां-बिवां ऱ्हाऊं द्या. आकडा सांगा.’

‘निदान वीस. पण आमचीच—’

‘पाठवतो,’ म्हणाले आणि फोन ठेवला. रोज अशीच माणसं पुरवणारा माणूस, त्याला मी यादी वाचून दाखवणार होते.

तोपर्यंत समितीला थोपवणं भाग होतं. आमच्या प्राचार्यांत एरवी फारसे गुण नाहीत, पण वेळ काढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्यांनी समितीला ग्रंथालय दाखवलं, ग्रंथालयातलं नवीन कपाट दाखवलं, कपाटावरची ‘भारतीय ज्ञान परंपरा कक्ष’ ही पाटी दाखवली. मग वडे. मग मुलींचं स्वच्छतागृह, त्यासाठी समितीतल्या बाईंना एकट्यांनाच पाठवलं आणि अध्यक्षांना आणखी एक वडा दिला.

टेम्पो आला तो थेट मैदानात. पिवळ्या चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घातलेली माणसं उड्या मारून उतरली आणि शिपायाने त्यांना जिन्यावरून वर आणलं. आमची बरीच मुलं होती, देवाशप्पथ. घामेजलेली, कमरेला स्कॅनर तसाच लटकलेला, मला बघून ओशाळं हसणारी. पण त्यांच्यामागून आणखी माणसं येत राहिली. चाळिशीचे, मिश्यावाले, तंबाखू दाढेत धरलेले. बाकं भरली, खिडकीशी माणसं उभी राहिली. त्यांतल्या एका धिप्पाड बाप्याने वर्गावर नजर फिरवून मला अदबीने विचारलं, ‘मॅडम, माल किधर है?’

मी काही बोलणार तोच समिती दारात.

अध्यक्षांनी वर्ग पाहिला. बाईंनी पाहिला. तरुणाने फोटो काढला.

‘उपस्थिती चांगली आहे,’ अध्यक्ष म्हणाले. ‘पटावर किती?’

‘बावीस,’ प्राचार्य म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. आत चाळीसेक तरी होते.

अध्यक्ष सावकाश बाकांमधून फिरले. तिसऱ्या बाकाशी थांबून त्यांनी एका जाकीटवाल्याला विचारलं, ‘कोणतं वर्ष?’

तो उभा राहिला. मी त्याला ओळखलं. माझाच विद्यार्थी होता, दोन वर्षांपूर्वीचा. इतिहासात पहिला आला होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलू का, असं डोळ्यांनी विचारत होता.

‘माझं झालंय, सर. मी इथूनच बी.ए. झालो.’

‘मग आज इथे कसे?’

‘ठेकेदार बोलला टेम्पोत बस. बसलो.’

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. ‘आणि काम काय करता?’

‘पॅकिंगला आहे, सर. हे पण पॅकिंगलाच,’ त्याने शेजारच्या, यंदाच्या पटावरच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. ‘एकाच लाइनवर.’

वीस वर्षं मी दर जूनमध्ये मुलांना पदवीचं महत्त्व सांगत आले होते. मला तेव्हा लाज वाटली, आणि पाठोपाठ संताप आला, तो कुणावर काढावा हे कळेना म्हणून फळ्याकडे बघत राहिले.

अध्यक्ष वळले ते पहिल्या बाकाकडे. अंजूरची ती उभी राहिली होती, कुणी उठवलं नसताना.

‘तुम्ही ऐकलंत ना?’ ते तिला म्हणाले. आवाज कडक नव्हता, थकलेला होता. ‘मग हा वर्ग चालू ठेवून तुमचा काय फायदा होणार आहे?’

तिची मान ताठ होती. हातांनी मात्र बाकाची कड घट्ट धरलेली.

‘सर, वर्ग बंद झाला की मी घरात. मंग मला बघायला येतील. नोकरीचं मी नंतर बघीन. मला आता एक वर्ष पायजे.’

समितीतल्या बाई खाली बघून पर्स चाचपू लागल्या. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी पटावरची नावं स्वतः वाचली आणि ज्यांनी ‘हजर’ म्हटलं तेवढेच मोजले. खरेखुरे. बाकीच्यांना प्राचार्यांनी उरलेले वडे दिले आणि टेम्पो परत गेला. सेल चालू होता.

निर्णय जूनमध्ये, कॉलेज उघडायच्या आठवड्यात कळला. तृतीय वर्ष इतिहास एका वर्षापुरतं चालू ठेवायला हरकत नाही. मात्र विद्यार्थिसंख्या सोळाच भरल्यामुळे त्यासाठी शिक्षकाच्या तासिका मंजूर नाहीत. प्राचार्यांनी मला बोलावून हे सांगितलं आणि वर म्हणाले, ‘वर्ग वाचला, अभिनंदन.’ मी त्यांना विचारलं, शिकवायचं कुणी, भिंतींनी? ते म्हणाले, संस्था काहीतरी बघेल. संस्था इतकी वर्षं बघतेच आहे. मी त्यांना बरंच काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि शेवटी सांगितलं की फुकट शिकवायला मी काही देवळात बसलेली नाही.

बाहेर आले तर व्हरांड्यात ती उभी होती. बातमी तिला आधीच कळली होती, अर्धीच. वर्ग चालू राहणार एवढीच. ती हसत होती. इतके दिवस तिला वर्गात पाहिलं, पण तशी हसताना कधी पाहिली नव्हती.

‘मॅडम, पहिला तास कधी?’

माझा राग अजून उतरला नव्हता. खरं सांगायचं होतं तिला, सगळं, तासिका, मंजुरी, संस्था, माझं घरभाडं. तिला ते समजलंही असतं, आणि घरी जाऊन तिने ते वडिलांना सांगितलंही असतं, आणि त्यांनी लगेच मुलगा बघायला घेतला असता.

‘सोमवारी,’ मी म्हणाले. ‘साडेसातला. उशीर करू नकोस.’