नानांचे रविवार

नाना सहलीचं पहिलं पान सहलीला निघण्याआधीच लिहून ठेवत. गाडी जळगावच्या बाहेर पडायच्या आत त्यांच्या वहीत सूर्य उगवलेला असे, पाखरं उडालेली असत आणि नानांचं मन भरून आलेलं असे. एका रविवारी चांगलंच आभाळ आलं होतं. मी तसं म्हटलं, तर नाना म्हणाले, "मॅडम, सूर्य आतून उगवावा लागतो."

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आम्हा पाच-सहा जणांचं रोजनिशी मंडळ काढलं होतं. दर रविवारी खानदेशात कुठेतरी जायचं, बघायचं आणि लिहायचं. "घरात बसून माणसाला फक्त किराणा सुचतो. पाय बाहेर पडला की पेन चालतं," असं ते येताजाता सांगत. शाळेत वीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासून मला स्वतःची एक वही भरावीशी वाटत होती, म्हणून मी गेले.

नानांचा पाय मात्र क्वचितच बाहेर पडे. साक्रीच्या आठवडे बाजारात ते गाडीतच बसून राहिले आणि काचा वर करून, एसी लावून, डोंगरावरच्या वाऱ्याबद्दल दोन पानं लिहिली. बाजारात हिंडल्या त्या अक्का, त्यांच्या पत्नी. त्यांचं माहेर तिकडचंच. प्रत्येक सहलीला त्या आम्हा सगळ्यांसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून आणत. त्या दिवशी परत आल्या त्या हातात एक अंडं घेऊन. डोंगरातून चालत आलेल्या एका बाईच्या टोपलीत कोंबडीनं वाटेतच ते घातलं होतं. बाईनं हसत हसत ते अक्कांच्या हातावर ठेवलं.

"अजून गरम शे, देखा," अक्का म्हणाल्या.

"तू जरा गप्प बस. सुचतंय मला," नाना म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी पान वाचून दाखवलं. त्यात बाईनं ते अंडं नानांच्या तळहातावर ठेवलं होतं. अक्का शेजारीच बसून डबा उघडत होत्या.

फैजपूरजवळच्या केळीच्या मळ्यात तर त्यांनी कमाल केली. मळा त्यांच्या नात्यातल्या माणसाचा. एक मजूर खांद्यावर घड घेऊन ट्रककडे निघाला होता. नाना म्हणाले, "भाऊ, जरा तसेच उभे राहा." मालकाचे पाहुणे म्हणून तो बिचारा थांबला. नाना शब्द शोधत बसले. त्याची मान वाकडी झाली, पोटऱ्या थरथरायला लागल्या. आम्ही सगळे सुशिक्षित लोक बघत राहिलो. शेवटी अक्काच पुढे झाल्या. "ठेव रे भाऊ ते खाली," म्हणत त्यांनी त्याला पाण्याची बाटली दिली.

नानांनी लिहिलं, 'तो कष्टकरी आपणहून थांबला आणि म्हणाला, नाना, तुम्हाला पाहिलं की ओझं हलकं होतं.' वाचन संपल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन मात्र त्यांच्यावर चार पानं लिहिली, आणि ती इतकी झोंबरी उतरली की त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही.

गेल्या वर्षी नाना गेले. महिन्याभरानं अक्कांनी मला बोलावून त्यांच्या सगळ्या वह्या दिल्या. मुलगा त्यांचं पुस्तक काढू म्हणत होता. पानं मी निवडायची होती. मी सगळं वाचलं, आणि खरं सांगायचं तर मजा घेत वाचलं. एवढ्या वह्यांत पाहणारे, हळहळणारे आणि आभार स्वीकारणारे एकटे नानाच. वह्या परत द्यायला गेले तेव्हा अक्कांनी स्वतःबद्दल विचारलं,

"मन्हाबद्दल काही लिखेल शे का त्यामा?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण तोंडातून "नाही" निघून गेलं.

"माले माहीत व्हतं. मी बठ्ठ्या वह्या वाचेल शे. तुम्ही खरं सांगतस का, तेच देखनं व्हतं." त्यांनी वह्या मांडीवर सारख्या केल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही बी लिखतस ना? तुमनी वहीमा शे का मी?"

तीन वर्षं मी त्यांच्या हातची भाकरी खाल्ली होती. त्या मजुराला पाणी कुणी दिलं, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. माझ्या वहीत पानोपानी नाना होते, त्यांची काच, त्यांचा वारा, त्यांचे शब्द.

"नाही, अक्का," मी दुसऱ्यांदा म्हणाले.