पासिंगकाकू आणि ठेकेदाराची जीप

राग कुणाच्या नाकावर असतो, कुणाच्या जिभेवर. पासिंगकाकूंचा राग पायांत होता. चिडल्या की त्या बोलत नसत, जिना उतरत. वर घर, खाली गॅरेज आणि मधे सतरा पायऱ्यांचा लोखंडी जिना. तो कसा वाजतो यावरून खालची माणसं ओळखत, की आज कुणाची तरी धडगत नाही.

त्या सकाळी तो असा वाजला, की त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे मिस्त्रींनी, हातातला चहाचा कप स्टुलावर ठेवला आणि उगाचच कपाटातले पाने आकारानुसार लावायला घेतले. तीस वर्षांत त्या कपाटातले पाने कधी आकारानुसार लागले नव्हते.

झालं होतं एवढंच. वर कपडे वाळत घालता घालता सूनबाई सहज म्हणाली, "आई, ठेकेदार दहाला येतायत ना जीप न्यायला? त्यांच्या आईपण येणारेत म्हणे. येतानाच बॅगा घेऊन येतायत, इथूनच पुढे लांबच्या प्रवासाला निघणार."

काकूंच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. जीप आज जाणार, आणि त्यांना कुणी सांगितलंही नाही? त्या बसल्याशिवाय?

हे बसणं काय, ते आधी सांगायला हवं, कारण काकूंचं अर्धं आयुष्य त्यात गेलं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी मिस्त्रींचं नाव नवं नवं होतं आणि हात शिवशिवत होते. काकूंच्या धाकट्या भावाकडे एक जुनी जीप होती. डोंगरात, खडीत, चिखलात कुठेही घाला, पण सपाट रस्त्यावर बैलगाडीने मागे टाकावी अशी. भाऊ म्हणाला, "दाजी, हिला जरा पळवा की!" दाजींना तेवढंच हवं होतं. महिनाभरात त्यांनी तिला दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं. इंजिन बसवायला माणसाला जेवढा हुरूप असतो, तेवढाच ब्रेकचा कंटाळा असतो. ब्रेक जुनेच राहिले. "चालतंय तोवर चालू दे, पुढच्या महिन्यात बघू," मिस्त्री म्हणाले.

पुढचा महिना यायच्या आत भाऊ एका लांब उतारावर होता. पहिल्या वळणाला गाडी थांबली. दुसऱ्या वळणाला थांबली. तिसऱ्या वळणाला ब्रेक तापून इतके ढिले पडले होते, की पाय तळाला गेला आणि गाडी दगडी कठड्याला. भाऊ वाचला. डावा पाय गुडघ्याखालून गेला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो मेहुण्याला म्हणाला, "दाजी, इंजिन मात्र झकास होतं हां!" खाटेभोवतीची सगळी माणसं रडता रडता हसली. एकटी काकू हसली नाही.

चाळीस दिवस तिने नवऱ्याला ताट वाढलं आणि एक शब्द वाढला नाही. देवापुढे बसे तेव्हा तिने भावाचा पाय मागितला नाही. गेलेलं मागून देवाला तरी कशाला अडचणीत टाकायचं? ती एवढंच म्हणे, "देवा, हा माझा राग विझू देऊ नकोस. विझला की हे पुन्हा 'चालतंय' म्हणतील."

एकेचाळिसाव्या दिवशी ती जिना उतरून आली. एका गिऱ्हाइकाची गाडी पळती करून तयार उभी होती. ती शेजारच्या सीटवर चढून बसली आणि म्हणाली, "चला. जेवढी पळवणार असाल तेवढी पळवा आणि थांबवा. लागोपाठ तीनदा. मधे गार व्हायला वेळ द्यायचा नाही."

"अगं, पण तू कशाला?"

"माझ्या माणसाला तुम्ही तपासल्याशिवाय बसवलंत. आता दुसऱ्याच्या माणसाआधी तुमचं माणूस बसेल."

तेव्हापासून हा त्या गॅरेजचा कायदा झाला. ज्या गाडीचा वेग वाढवला, ती काकूंना घेऊन तीनदा थांबल्याशिवाय फाटकाबाहेर पडायची नाही. त्या म्हणत, पहिल्यांदा कुणीही थांबतं, दुसऱ्यांदा लाजेकाजेस्तव थांबतं, खरं काय ते तिसऱ्यांदा कळतं. माणसाचं आणि ब्रेकचं सारखंच. गाडी पास झाली तर त्या उतरून बॉनेटवर एकदा हात ठेवायच्या. नापास झाली तर न बोलता जिना चढून जायच्या. गिऱ्हाइकं चेष्टेने त्यांना पासिंगकाकू म्हणू लागली आणि पुढे चेष्टा गेली, नाव तेवढं राहिलं. त्यांच्या गुडघेदुखीत, त्यांच्या तापात, सुनेच्या बाळंतपणातसुद्धा गाड्या थांबून राहिल्या. पण त्या बसल्याशिवाय एक गेली नाही.

आणि आज ही जीप जाणार होती.

जीप ठेकेदारांच्या वडिलांची. पन्नास वर्षं खाणीच्या रस्त्यांवर राबून ती पत्र्याच्या शेडखाली गंजत पडली होती. काकूंच्या लेकाने नऊ महिने खपून तिचं सोनं केलं. गंज खरवडला, पत्रा ठोकून सरळ केला, रंग जुन्यासारखाच गडद हिरवा दिला. एका मोठ्या गाडीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आणून तिच्या पोटात असा बसवला, की जणू तिथेच जन्मला होता. उंच उभी असायची ती खाली आणली, म्हणजे वळणावर लवंडू नये. पोराच्या हातात देव आहे, हे काकूही मानत. तोंडावर मात्र त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. पोरं कौतुकाने फुगतात आणि पुढचं काम अर्धं ठेवतात, असा त्यांचा अनुभव होता.

त्या खाली आल्या. लेक फडक्याने समोरची काच पुसत होता. त्याच्याकडे न बघता त्या सरळ पुढच्या चाकापाशी वाकल्या. लोखंडी चाकाला गोल भोकं असतात, त्यांतून आत दिसतं. ठरल्याप्रमाणे नवे डिस्क ब्रेक बसवले असते तर आत चकचकीत चकती दिसली असती. आत काळा रंग मारलेला जुनाच ड्रम होता, उलट्या पातेल्यासारखा.

"डिस्क कुठायत?"

"आई, तू कशाला जिना उतरलीस? गुडघा—"

"गुडघ्याला डिस्क बसवली नाहीयेस तू. हिच्या डिस्क कुठायत?"

लेकाने फडकं खांद्यावर टाकलं. "आणल्या होत्या गं. बसवल्याही होत्या. पण ही जुनी चाकं त्यावर जाईनात. चकतीला आवळणारा जो जबडा असतो, तो चाकाला आतून घासायला लागला. मोठी चाकं घ्यावी लागली असती, आणि ठेकेदार ऐकेनात. म्हणाले, चाकं वडिलांचीच पाहिजेत. मग ड्रम परत चढवले. आतली लायनिंग सगळी नवी टाकलीय. चांगले लागतात."

"तीनदा?"

"रस्त्यावर कोण लागोपाठ तीनदा थांबतं?"

"तुझा मामा थांबत होता."

लेकाचा चेहरा उतरला. पण तोही त्याच आईचा. "त्यांनी लिहून दिलंय, आई. ब्रेक जुने ठेवले ते माझ्या सांगण्यावरून, असं सहीनिशी दिलंय."

"मग उतारावर तो कागद चाकाखाली घालणारेत का ते? पायाखाली काही लागेना, की कागद दाबायचा?" काकूंचा आवाज चढला नाही, बारीक झाला, आणि ते जास्त वाईट होतं. "आणि मला न सांगता पाठवत होतास. मी बसले की नापास होणार हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच मला सांगितलं नाहीस. चुकलास म्हणून नाही रे चिडले मी. लपवलंस. रंग मारलास त्याला वरून!"

"आई, सगळं जग अशाच गाड्या चालवतं. तुझं हे खूळ—"

"खूळ ना? असू दे."

मग त्या कपाटाकडे वळल्या. मिस्त्री अजून पाने लावत होते.

"अहो. तुम्हाला ठाऊक होतं?"

"सुरुवातीला नव्हतं."

"आणि नंतर?"

मिस्त्रींनी एक पाना उचलला, पुसला, परत ठेवला. "पोरगा म्हणाला, चालतंय…"

अठ्ठावीस वर्षांनी तो शब्द त्या जागेत पुन्हा आला होता, आणि तोही त्याच तोंडून. काकूंना वाटलं, समोरच्या कपाटातले सगळे पाने एकेक करून भिंतीवर मारावेत. लेकाचं एक वेळ ठीक होतं, त्याने मामाचा पाय कापलेला बघितला नव्हता. या माणसाने रक्ताने भिजलेली सीट स्वतः धुतली होती.

"तुमच्याशी मी नंतर बोलते," त्या म्हणाल्या आणि जीपचं दार उघडून शेजारच्या सीटवर चढून बसल्या.

तेवढ्यात ठेकेदार फाटकातून आले. मागे त्यांची ऐंशीची आई, तिच्या हातात काठी, ड्रायव्हरच्या दोन हातांत दोन बॅगा. "वा वा! पासिंगकाकू आधीच बसल्या! म्हणजे आज परीक्षा आहे वाटतं?"

"आहे. बसा. किती पळवणार हिला?"

"हायवे आहे काकू, शंभर तरी. ते इंजिन काय उगीच घातलं?"

"मग मागच्या सरळ रस्त्यावर शंभरला न्या आणि थांबवा. तीनदा. मी शेजारी आहे. अहो, तुम्हीही या," त्या कपाटाकडे बघून म्हणाल्या, "मागे बसा."

मिस्त्री आले. मान खाली घालून मागे चढले. ठेकेदारांना मजा वाटली. त्यांनी किल्ली फिरवली, आणि इंजिन इतक्या सुरेख आवाजात लागलं, की म्हातारीसुद्धा काठीवर रेलून हसली. "ह्यांच्या वेळी आख्खी गल्ली उठायची," ती म्हणाली.

गाडी हलणार तोच लेक बॉनेटसमोर येऊन उभा राहिला.

"आई, उतर."

"का? चांगले लागतात ना?"

"आई, उतर म्हणतो ना!"

"लिहून घे माझ्याकडून. माझीही सही घे. बाबांची घे. तुझ्याकडे कागद आहेत की."

"बाबा, तुम्ही तरी सांगा तिला!"

मिस्त्री मागून म्हणाले, "मी बसलोय. मला बसायलाच हवं."

ठेकेदार दोघांकडे बघत राहिले. "काय चाललंय काय? जरा बाजूला हो रे, एक चक्कर मारून येतो."

लेकाने दोन्ही हात बॉनेटवर टेकले. "नाही थांबणार ती!" तो ओरडला. "दोनदा थांबेल. तिसऱ्यांदा नाही थांबणार. मी परवा एकट्याने बघितलंय."

इंजिन चालूच होतं. ठेकेदारांनी ते बंद केलं.

"परवा बघितलंस," ठेकेदार हळूहळू म्हणाले, "आणि आज मला देत होतास? माझी आई बसणार होती यात!"

"त्याच्यावर कशाला ओरडता?" काकू वळल्या. पोराला खायला त्या समर्थ होत्या, दुसऱ्याला तो हक्क नव्हता. "त्याने तुम्हाला सांगितलं नव्हतं, मोठी चाकं लागतील म्हणून? शंभराचं इंजिन पाहिजे, आणि थांबायला मात्र पन्नास वर्षांपूर्वीची चाकं? माझा नवरा, माझा पोरगा, तुम्ही, सगळे एका माळेचे मणी! पळवायला तिघं आणि थांबवायला मी एकटी! देवाने हात दिले, डोकं दिलं. आता ब्रेकही त्यानेच येऊन बसवायचे का?"

"काकू, ती चाकं माझ्या वडिलांची—"

"अरे," म्हातारी काठी आपटून म्हणाली, "तुझे वडील काय चाकात राहायचे? माणसासारखा वाग. ती चाकं हवीत तर दिवाणखान्यात टांग."

ठेकेदारांनी स्टिअरिंगवरून हात काढले. मग खाली उतरले आणि लेकाला विचारलं, "किती दिवस?"

"मोठी चाकं, डिस्क, पाइप. तीन आठवडे."

"तीन तर तीन. आई, आपण गाडी बोलवू दुसरी."

मिस्त्रींनी कुणाला काही विचारलं नाही. मागून उतरले, जॅक ओढत आणला आणि पुढच्या बाजूखाली लावला. लेकाने दुसरा जॅक मागच्या बाजूखाली लावला. जीप इंचाइंचाने वर जाऊ लागली, आणि तिच्यासोबत काकूही. एक चाक निघालं, दुसरं निघालं. तिसरं निघताना लेक घाम पुसत वर बघून म्हणाला, "आई, आता तरी उतर. हवेत आहे गाडी, कुठे जाणारेय ती?"

काकूंनी हाताची घडी सोडली नाही. नवऱ्याकडे त्या अजून बघत नव्हत्या.

"एक राहिलंय," त्या म्हणाल्या.

मिस्त्री पाना घेऊन चौथ्या चाकापाशी बसले.