कोल्ह्याचं आसन की जेवणाचा धोंडा

ओलिवाने तेहतीस वर्षं सांता बाया चर्चच्या हद्दीतल्या चौदा वाड्यांना पाव पोचवला. पावाची गाडी विकल्यावर तिला घरात बसवेना. म्हणून आमच्या गालिसिया प्रांतातल्या या कोपऱ्यातलं प्रत्येक शेत, झरा, वळण आणि दगड नावानिशी नकाशावर उतरवायचं काम तिने अंगावर घेतलं. नकाशा पसरायला टेबल माझ्या खानावळीतलं, आणि पेन्सिलीचा कचरा झाडायचा मीच.

तिचा नियम एकच. दोन वेगळ्या घरांतल्या माणसांनी सांगितलं, तरच नाव लिहायचं. एकट्याचं ऐकलं तर इथे जो तो झऱ्याला आपल्या आजोबांचं नाव चिकटवेल, हे तिला पक्कं ठाऊक. या नियमाने चारशे बारा नावं नकाशावर आली आणि एक दगड अडून बसला.

वरच्या कुरणातल्या त्या भल्यामोठ्या दगडाला एकोणनव्वद वर्षांचे देल्मिरोकाका 'कोल्ह्याचं आसन' म्हणत. त्यांची शेजारीण एरुंदिनाकाकू म्हणे, तो 'जेवणाचा धोंडा'. लहानपणी तिथे गुरं राखलेलं तिसरं कोणी उरलं नव्हतं. आणि पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून या दोघांनी बावीस वर्षं अबोला धरलेला. सोमवारी नकाशा छापायला जाणार होता. ओलिवाला जेवण गोड लागेना. ही दोघं गेली की दगड कायमचा बिननावाचा राहणार, हे मलाही खुपत होतं.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर तिने दोघांना एकाच टेबलाशी आणून बसवलं. कसं जमवलं, तिचं तिला माहीत.

"ओलिवे, त्या माणसाला विचार," काकू भिंतीकडे बघत म्हणाली, "कोल्हा काय खुर्ची लावून बसतो?"

"तिला विचार," काका म्हणाले, "धोंडा जेवतो का?"

"मी तुमचे निरोप पोचवायला बसलेली नाही," ओलिवा म्हणाली. "समोरचा दगडाचं जे नाव सांगतो, ते लहानपणी कानावर आलं होतं की नाही, तेवढं खरं सांगा. नाहीतर तिथे कोरी जागा जाईल."

काकूने कॉफीत साखर ढवळली. मग म्हणाली, "आलं होतं. याची आई खालून ओरडायची, 'देल्मिरो, कोल्ह्याच्या आसनावरून उतर, मान मोडशील.' आमच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचं. लिही."

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "'चला जेवणाच्या धोंड्यापाशी,' म्हणत तुम्ही पोरी तिथे जेवायला बसायचात," ते म्हणाले. "म्हणून तर मी वर चढायचो. नाहीतर मला काय कोल्हे मोजायचे होते?"

"आणि आमच्या मक्याच्या भाकरीवर खडे टाकायचास, मेल्या," काकू थेट त्यांनाच म्हणाली.

ओलिवाने दोन्ही नावं लिहिली. कोणतं वर आणि कोणतं खाली, यावरून दोघांची लगेच जुंपली, ती पार पाटाच्या पाण्यापर्यंत पोचली. ओलिवा मध्ये पडली नाही. बावीस वर्षांनी ती दोघं एकमेकांशी भांडत होती, आणि मी न विचारता दोघांपुढे ताटं मांडली.