चालू इंजिनावर भंडारा

त्या गाडीनं मला इतकं छळलं, की अजूनही चौकात कुणाची गाडी गचके खाऊन बंद पडली की मी आधी तिचं बॉनेट उघडायला धावतो. वाळूजच्या कारखान्यात नोकरी, बजाजनगरात दोन खोल्या आणि बायकोला आठवा महिना. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. शहर कधी बंद होईल याचा नेम नव्हता, आणि बंद झालं की रिक्षा गायब. दवाखाना पार शहरात. म्हणून ही जुनी चारचाकी घेतली, नाहीतर मला कुठं आली गाडीची हौस!

घेतल्या दिवशीच कारखान्यातल्या एका शहाण्यानं सांगितलं, "कार्बोरेटरच्या तोंडावर झाकणासारखा बसतो तो एअर फिल्टर काढून टाक, इंजिनाला मोकळा श्वास घेऊ दे." मी काढला. पंधरा दिवसांत दुखणं सुरू झालं. पळताना गाडी झकास. पण ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की फुरफुरायची, थरथरायची आणि मरायची. प्लग बदलले. पॉइंट घासले. स्क्रू पिळून उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, ते आयडलिंग, वाढवलं. औरंगपुऱ्याच्या मिस्त्रीचाचांनी कार्बोरेटर साफ करून दिला की आठवडाभर शहाण्यासारखी चालायची, आणि सोमवारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या! बायको पोटावर हात ठेवून विचारायची, "वाटेत बंद पडली तर वो?" मी तिच्यावरच खेकसायचो. दुसरं काय येत होतं मला?

सुनेचं बाळंतपण म्हणून माझा बा मेंढरं भावाच्या हवाली करून दौलताबादकडच्या गावातून आला होता. रविवार खंडोबाचा. दर रविवारी बा मला गाडी चालू करून बॉनेट उघडायला लावायचा आणि मूठभर भंडारा आत उधळायचा, "येळकोट येळकोट जय मल्हार!" बंद गाडीवर टाकलेला त्याला चालत नसे. "जित्या जनावरावरच टाकावा लागतो," म्हणायचा. गाडी जितकी जास्त आजारी, तितकी मूठ मोठी.

तिसऱ्या खेपेला चाचांनी कार्बोरेटर खोलला, पाय उचलल्यावर ज्यातून पेट्रोल येतं ते बारीक भोक तारेनं टोकरलं आणि पिवळा चिखल माझ्या तळहातावर ठेवला. "हौला है क्या रे, पागल? इंजिन में हल्दी कौन डाल्या? और फिल्टर किधर है? वो रहता तो ये अंदर जातीच नहीं थी."

फिल्टर बसवून घरी आलो तो डोक्यात राख घालूनच. "बा, तुझ्या भंडाऱ्यानं गाडी मरत होती! माझं माणूस रस्त्यात मेलं असतं म्हंजे?" फिल्टर मीच काढला होता, हे मात्र गिळलं. बानं हळदीची पिशवी मागं सारली. "मला काय ठावं, बाबा," एवढंच म्हणाला. पुढच्या रविवारी त्यानं बॉनेट उघड म्हणून सांगितलं नाय.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी शहर बंदच होतं. पोलिसांनी नाक्यावर अडवलं. पुढं रांग. मागं बायको कण्हतेय, आणि मी पाय उचलून नुसता इंजिनाचा आवाज ऐकतोय. चाललं होतं. एकसारखं चाललं होतं. शेजारी बा पिशवी मुठीत आवळून बसलेला, तोंडातून देवाचं नावसुद्धा नाय.

मुलगी झाली. नर्सबाईंनी ती बाच्या पुढ्यात धरली. त्याचा हात सवयीनं पिशवीत गेला आणि तिथंच थांबला. माझ्याकडं बघून त्यानं हळूच विचारलं, "हिला लावू का रं टिळा? का हिलाबी सोसायचा नाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लाव, बा," म्हणालो, "तुझं काय चुकलं नव्हतं. फिल्टरचं झाकण मीच काढलं होतं."