हक्क हेतलचा, अर्ज मंदारचा

"हे पत्र कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"मीच. सहीसुद्धा माझीच," प्रभाकरकाका छाती काढून म्हणाले. "मुलगा दिवाळीपर्यंत परत येईल, याची हमी मी घेतो. अजून काय पाहिजे त्या लोकांना?"

शेजारी त्यांचा मुलगा मंदार मान खाली घालून बसला होता. त्याचा व्हिसा नाकारला गेला होता. तिकडे परदेशात त्याची बायको हेतल गरोदर होती, दिवस भरत आले होते आणि ती एकटी होती. बाळंतपणाला नवरा पोचतो की नाही, एवढाच प्रश्न होता.

मी बडोद्यात इमिग्रेशनची वकिली करते. वासण्याला ऑफिस आहे. हे कुटुंब इथल्याच हरणीचं, काका एका केमिकल प्लांटमधून रिटायर झालेले. सून दमणची. तिचे आजोबा पोर्तुगीज अंमलात जन्मलेले, त्यामुळे तिच्या माहेरच्या सगळ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालेलं. आपल्या भागात अशी घरं बरीच आहेत. हेतल मात्र पोर्तुगालमध्ये नव्हती. युरोपियन युनियनमधल्याच दुसऱ्या एका देशात नोकरी करत होती. त्या देशाचं नाव सांगत नाही, मला अजून तिथे केसेस पाठवायच्या आहेत.

मी फाईल उघडली. बाप रे! घराचे कागद, एफडीच्या पावत्या, आणि वर आतेबहिणीच्या लग्नाची पत्रिका. मुलाला लग्नाला परत यावंच लागेल, हे दाखवायला! बडोद्यात व्हिसा म्हणजे हेच. एजंट सांगतो, 'परत येणार' हे पटवा, की सगळी सोसायटी कागद गोळा करायला लागते. टूरिस्टसाठी ते बरोबरच आहे. पण इथे बायको तिकडे, पोटात बाळ, आणि नवरा म्हणतो, दिवाळीला परत येतो. ऑफिसरने टूरिस्ट समजून फाईल वाचली आणि लिहिलं, परत येण्याबद्दल शंका आहे. त्या खुर्चीत मी असते तर मीही नाकारला असता.

"काका, मंदार तिकडे राहायला चाललाय ना?"

"हो, म्हणजे काय!"

"मग परत येतो असं का लिहिलं?"

"अहो ताई, राहायला जातो म्हटलं तर कोण व्हिसा देईल?"

"ते देतील. त्यांना द्यावाच लागेल."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वकील आहे की आणखी कोणी, अशी शंका यावी. मग मी चहा मागवला आणि समजावून सांगितलं.

आपली राज्यघटना म्हणजे एक पुस्तक. युरोपियन युनियनकडे तसं पुस्तक नाही. एकदा करायला घेतलं होतं, पण दोन देशांच्या मतदारांनीच नाही म्हटलं. त्यांच्याकडे आहेत ते देशादेशांतले करार. मग साध्या माणसाला हक्क कुठून आला? तो कोर्टातून आला, एकेका भांडणातून. एक कंपनी शेजारच्या देशातून युरिया फॉर्मल्डिहाइड आणायची. कस्टमने ड्यूटी वाढवली, कंपनी भांडायला गेली. सरकार म्हणालं, करार आमचा आमच्यात, तुम्ही कोण? युनियनचं कोर्ट म्हणालं, करारातून माणसालाही हक्क मिळतो, आणि तो थेट मागता येतो.

"युरिया फॉर्मल्डिहाइड?" काका खुर्चीत सरसावले. "अहो, प्लायवूडचं ग्लू! आमच्या प्लांटला व्हायचं! त्याच्यावरून घटना झाली?"

"अर्धी. उरलेली विजेच्या बिलावरून."

तेही खरंच आहे. सरकारने वीज कंपनी ताब्यात घेतली म्हणून एका वकिलाने बिल भरायला नकार दिला. त्या खटल्यात कोर्टाने ठरवलं, की देशाचा कायदा आणि युनियनचा कायदा यांचं जमलं नाही, तर युनियनचा चालेल. काही देशांची कोर्टं अजून कुरकुरतात, शेवटचा शब्द आमचा म्हणतात. पण गाडी चालली आहे.

"आमच्या सोसायटीत रोज भांडणं होतात," काका म्हणाले, "घटना काही होत नाही."

मुद्दा असा होता. युनियनचा नागरिक दुसऱ्या सभासद देशात कामाला जाऊ शकतो, आणि नवरा किंवा बायको बरोबर नेऊ शकतो. नाहीतर जाईल कोण? म्हणजे हक्क हेतलचा. मंदारचा स्वतःचा काहीच नाही.

"म्हणजे आमचा मुलगा सुनेचा पदर धरून जाणार?"

"कायद्याने, हो."

मंदार पहिल्यांदा हसला. त्याने तिथूनच हेतलला फोन लावला. ती हुशार. लगेच विचारलं, "ताई, मग मी पोर्तुगालला जाऊन त्याला बोलावलं तर? तो तर माझाच देश."

"नको. तिथे तुला या कायद्याचा उपयोग नाही. हा कायदा दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी आहे, स्वतःच्या देशात राहणाऱ्यांसाठी नाही. पोर्तुगालचे स्वतःचे नियम लागतील. जिथे तू परकी आहेस, तिथेच तुझा हक्क मोठा आहे."

"आ तो कमाल छे!" ती म्हणाली. मलाही दर वेळी कमालच वाटते. इतकी वर्षं झाली, तरी वाटते.

नवा अर्ज केला. हेतलचा पासपोर्ट, तिच्या नोकरीचा दाखला, लग्नाचं सर्टिफिकेट, आणि पहिल्या अर्जात चुकीचं का लिहिलं त्याचा साधा खुलासा. बस. ती पातळ फाईल बघून काकांचा जीव खालीवर झाला. "निदान एफडी तरी लावा!" मी लावू दिली नाही.

अहमदाबादच्या व्हिसा सेंटरवरून मंदारचा फोन. "मॅडम, काउंटरवरची बेन अर्ज घेतच नाहीये. बँक स्टेटमेंट क्यां छे, कुठे आहे, विचारतेय."

"तिला सांग, युनियनच्या नागरिकाच्या पतीचा अर्ज आहे, स्टेटमेंट नसलं तरी घ्या. नाही घेतला तर सुपरवायझरला बोलाव. हलू नकोस तिथून."

घेतला एकदाचा. मग मुलाखतीला बोलावणं आलं. आदल्या दिवशी मंदार घाबरून माझ्याकडे आला. आधी परत येतो म्हटलं, आता राहायला जातो म्हणणार, खोटारडा ठरेन. मी म्हटलं, खोटं आधी झालं, आता खरं बोल, आणि गप्प बस.

ऑफिसरने तेच विचारलं. "मग आधी परत येईन का म्हणालात?"

"वडिलांनी लिहायला सांगितलं."

"आणि आता?"

"बायकोजवळ राहायचंय. बाळ येतंय."

व्हिसा मिळाला. बाळाच्या आधी मंदार पोचला. मुलगी झाली. फोनवर तो रडत होता, आणि खरं सांगते, मलाही रडू आलं.

महिन्याभराने काका पुन्हा ऑफिसात. "ताई, आता आम्हा दोघांना नात बघायचीय. सासूसासऱ्यांच्या हक्काचं काय म्हणतो तुमचा कायदा?"

"आहे की. पण सासूसासरे मुलासुनेवर अवलंबून असतील तर. मुलगा-सून पैसे पाठवतात, त्यावरच घर चालतं, असं दाखवावं लागेल."

काका ताठ झाले. "मला पेन्शन आहे. घर माझं आहे. मी कुणाच्या पैशावर जगत नाही."

"मग हक्क नाही."

"म्हणजे स्वतःच्या पायावर उभा राहिलो ही माझी चूक?"

"चूक नाही काका. पण हा कायदा पायावर उभ्या असलेल्या आजोबांसाठी नाही."

त्यांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "टूरिस्टचाच करा. नातीला पाहुणा म्हणून भेटेन, पण खोटं लिहिणार नाही."

मी फॉर्म काढला. या धंद्यात एवढंच शिकले. हक्क कुणाचा आहे ते आधी बघायचं, आणि तो आपला नसेल तर रांगेत उभं राहायचं.