पहिल्या बँडला उभा राहणारा

"पहिलं कोण वाजवणार?"

दुकानात शिरला की काउंटरवर मूठ आपटून तो हेच विचारायचा. ताटल्या उडायच्या, ताकाचा ग्लास कलंडायचा. मी ओरडायचे, "अरे मेल्या, काउंटर तुझ्या बापाने बसवून दिलाय का?" तर म्हणायचा, "पुसतो, वहिनी. आधी पहिलं कोण ते सांगा."

तुमच्यापैकी कुणी पार्ल्यात पूर्वेला राहत असेल तर माझं पोळी-भाजी केंद्र तुम्हाला माहीत असेल. शेजारच्या गॅरेजात एके काळी चार पोरं गिटार आणि ड्रम घेऊन उच्छाद मांडायची. पुढे त्यांचा मोठा बँड झाला. नाव घेत नाही. नाव घेतलं की माझ्या दुकानात अजून दोन पार्ट्या पडतात.

हा लिफ्टचा मेकॅनिक. मूळ मालवणचा, राहायला वाकोल्याला. बाजूच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आला, गॅरेजातला आवाज कानावर पडला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकत ठेवून तिथेच उभा राहिला. लिफ्टमध्ये एक आजोबा होते. बाहेर काढल्यावर त्यांनी याला छत्रीने बदडला. हा मार खाता खाता मान डोलवत होता. तेव्हाच मी ओळखलं, हे प्रकरण साधं नाही.

त्याच्या डाव्या भुवईवर एक जाड व्रण होता. तो कुठून आला ते सांगते. चौघं नवखे असताना एका कॉलेजच्या मैदानावर कुठल्याशा बड्या गायकाच्या आधी त्यांना वाजवायला उभं केलं. लोकांना तो गायक हवा होता. पहिल्या गाण्याला शिव्या आल्या, दुसऱ्याला बाटल्या. काचेच्या. ड्रमवाल्याचा हात फुटला. तेव्हा हा स्टेजच्या पुढ्यात गेला, बँडकडे पाठ केली आणि लोकांकडे तोंड करून हात पसरले. ज्याच्या हातात बाटली दिसेल त्याला म्हणायचा, "मार. माका मार." एकाने मारली. भुवई उघडली, रक्त शर्टात उतरलं, हा जागचा हलला नाही. पोरांनी गाणं पुरं केलं. पण त्या गाण्यावर रक्त सांडलं म्हणून पुन्हा ते कधी वाजवलं नाही.

तेव्हापासून कुठलाही कार्यक्रम असो, हा वेळेआधी जायचा आणि पहिल्या बँडला पाठ करून उभा राहायचा. भिकार वाजवत असले तरी. मी विचारलं तर म्हणाला, "वहिनी, लोकांना वाटतं पहिला म्हणजे बळीचा बकरा. बकऱ्यालाही आई असते ना?"

पुढे बँड मोठा झाला आणि मोठ्यांसारखाच फुटला. गायकाने भर स्टेजवर गिटारवाल्याच्या तोंडात माइक हाणला. दात पडला. वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नाही. आणि गेल्या वर्षी जाहीर झालं, चौघं पुन्हा एकत्र, मोठा दौरा, आणि सुरुवात त्या जुन्या, रक्त सांडल्यापासून कधी न वाजवलेल्या गाण्याने.

झालं! माझ्या दुकानात रोज संध्याकाळी आखाडा.

"पुण्यात अर्धं मैदान रिकामं होतं, यार."

"तुझ्या डोळ्यांत फूल पडलंय. नागपूरला पोलिसांनी गेट बंद केलं."

"फुकटचे पास वाटले होते, म्हणून!"

"आणि स्टेजपुढच्या कठड्याजवळचं तिकीट बघितलंस? लूट आहे नुसती."

ते मात्र खरं होतं. कठड्याजवळच्या एका तिकिटात माझे गॅसचे चार सिलिंडर आले असते. मी तसं म्हटलं तर मलाच गप्प बसवलं. आणि मग मुंबईला आधी कोण वाजवणार ते कळलं. गोवंडीच्या तीन पोरी. त्यांतली गाणारी प्रज्ञा, वीस-बावीसची असेल, आवाज असा की भिंतीचा गिलावा सुटावा.

"गोवंडी?" एक बोरिवलीचा होता, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र कायम, तो हसला. "डंपिंगच्या कचऱ्यावरून उचलून आणल्या काय? एवढे पैसे घालून आपण ह्यांना ऐकायचं? बाटल्या मारून दोन मिनिटांत उतरवू. आपले लवकर येतील."

आमच्या मेकॅनिकने ताकाचा ग्लास बाजूला सारला. उठला, बोरिवलीकराची मान धरली आणि त्याचं तोंड पिठल्याच्या पातेल्यात दाबलं. पिठलं गरम होतं. तो किंचाळला, त्याच्या दोस्तांनी स्टुलं उचलली, माझी काचेची बरणी फुटली, लोणचं भिंतीवर. मी झारा घेऊन काउंटरवरून उतरले आणि दिसेल त्याच्या पाठीत घालत सुटले. याच्या पाठीतही दोन घातले, समान न्याय. बोरिवलीकर जाताना म्हणाला, "मैदानात ये. तिथे वहिनी नसेल."

"वहिनी असेल!" मी ओरडले. बोलून बसले खरी.

सगळे गेल्यावर तो लादी पुसत बसला. म्हणाला, "वहिनी, एक सांगू? ते जुनं गाणं मी कधी बघितलंच नाही. ऐकलंय. त्या दिवशी पाठ होती ना माझी. आता पोरींचं झालं की वळणार. चौघांकडे तोंड करून, डोळे भरून बघणार. मग वाट लागली तरी चालेल." एवढा आडदांड माणूस, आणि फडक्याने लादी पुसता पुसता डोळे पुसत होता. त्याच फडक्याने. मी ओरडले नाही.

मुंबईचा कार्यक्रम मुलुंडच्या मैदानात होता, मी गेले. माझं तिकीट त्यानेच काढलं होतं. पोरी आल्या, त्याने पाठ केली, हात पसरले. पहिल्याच गाण्याला पाण्याच्या बाटल्या सुरू झाल्या, भरलेल्या. मग चप्पल आली, मग दगड. हा बोट दाखवत होता, "मार. माका मार." प्रज्ञा गात होती, आवाज फाटला तरी गात होती. तिसऱ्या गाण्याला बोरिवलीकर आणि त्याचं टोळकं गर्दी फाडत आलं. एकाच्या हातात कठड्याचा उपसलेला लोखंडी पाइप होता.

पहिला फटका गुडघ्यावर. तो खाली बसला, पण हात पसरलेलेच. दुसरा तोंडावर. हाड मोडल्याचा आवाज मला त्या ढणढणाटात ऐकू आला. मग लाथा. डोक्यात, बरगड्यांत, पुन्हा डोक्यात. मी एकाच्या मनगटाला अशी कडकडून चावले की तोंडात रक्ताची चव आली. मला कोपर बसलं, मी पडले. सिक्युरिटीवाले आले तेव्हा मारणारे हात झाडत होते, जसं काही काम उरकलं. आणि बाकीचे, आपल्यासारखे बघणारे, मोबाइल वर धरून उभे होते. थू त्यांच्यावर! पोरींनी वाजवणं थांबवलं नाही. चौथं गाणं झालं, पाचवं झालं.

त्याला स्ट्रेचरवरून गेटपर्यंत आणला आणि मागे गर्दी गरजली. चौघं स्टेजवर आले होते. ते गाणं सुरू झालं.

"पोरींनी पुरं केलं?" त्याने विचारलं. जबडा हलत नव्हता, मला तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"केलं रे. सगळं."

"मग मला वळवा, वहिनी."

अँब्युलन्सवाला म्हणाला, वेळ नाही. मी त्याला अशी शिवी हासडली की माझ्या सासूबाई स्वर्गात दचकल्या असतील. आम्ही स्ट्रेचर फिरवलं. लांब, माणसांच्या डोक्यांपलीकडे स्टेज होतं, हाताच्या पंज्याएवढं.

"दिसतंय का?"

"झकास दिसतंय," तो म्हणाला.

त्याचे दोन्ही डोळे सुजून बंद होते. एक पापणीही उघडत नव्हती. मी मुठी आवळून तिथे उभी राहिले आणि गाणं संपेपर्यंत कुणालाही स्ट्रेचरला हात लावू दिला नाही.

वाटेत त्याची शुद्ध गेली, हॉस्पिटलात ती परत आली नाही. दोन दिवसांनी गेला. केस चालू आहे. बोरिवलीकर जामिनावर सुटलाय, इस्त्रीच्या शर्टात कोर्टात येतो. प्रत्येक तारखेला मी समोर जाऊन बसते आणि त्याच्याकडे बघते. त्याने नजर खाली घातली तरी बघते. चौघांचं पुढच्याच गावी पुन्हा भांडण झालं, दौरा मोडला. मला काही वाटलं नाही.

परवा घाटकोपरच्या एका हॉलमध्ये गोवंडीच्या पोरींचा स्वतःचा कार्यक्रम होता. त्यांच्या आधी कॉलेजची तीन पोरं वाजवणार होती. गिटारच्या तारा पुन्हा पुन्हा लावून बघत होती बिचारी. मागून कुणीतरी ओरडलं, "उतरा खाली! पोरींना आणा!"

तर प्रज्ञा आतून आली, स्टेजच्या पुढ्यात उतरली, पोरांकडे पाठ केली आणि हात पसरले. तिच्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी ठेवली होती.

मी पुढे गेले. तिचे खांदे धरले आणि तिला स्टेजकडे वळवली.

"तू बघ," मी म्हटलं. "डोळे भरून बघ. इकडे मी आहे."

आणि पाठ करून उभी राहिले. पिशवीतला झारा बाहेर काढून हातात घेतला होता.